तळाची ताटली

मला पोहता येत नव्हतं आणि मी पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक होतो. यात त्या वेळी मला काही वावगं वाटलं नाही. घोड्यांचा डॉक्टर कुठे शर्यतीत पळतो, असं मी स्वतःला समजावलं होतं.

दुष्काळ सरून एकच पावसाळा गेला होता. सांगलीत एका व्यायाम मंडळाचा तलाव होता आणि मंडळाचे चिटणीस पेशाने वकील होते. मुलाखतीला त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "क्लोरीन म्हणजे काय?" मी रसायनशास्त्राचा पदवीधर, तिसऱ्या फेरीत का होईना. मी अणुक्रमांकापासून सुरुवात केली. पाचव्या मिनिटाला ते म्हणाले, "पुरे. सोमवारपासून या." पोहता येतं का, हे त्यांनी विचारलंच नाही. वाळवा तालुक्यातला, कृष्णाकाठचा पोरगा, म्हणजे येतच असणार, असं त्यांनी धरून चाललं असावं. लहानपणी माझ्याही पाठीला भोपळा बांधून मला नदीत सोडलं होतं. भोपळा पाठीवरून पोटाकडे सरकला आणि मी उलटा झालो. तेव्हापासून माझा आणि पाण्याचा संबंध तांब्यापुरता उरला होता.

पंपाशेजारच्या खोलीत माझा संसार होता: एक स्टोव्ह, एक तवा आणि एक इनॅमलची पांढरी ताटली. ताटलीची कड निळी होती आणि एका बाजूचा टवका उडालेला होता. ही ताटली लक्षात ठेवा. पुढे ती माझ्यापेक्षा जास्त काम करणार आहे.

तलावाचं पाणी पंपाने ओढून वाळूच्या गाळणीतून फिरवायचं आणि रोज ब्लीचिंग पावडर टाकायची, एवढं माझं काम. पावडर मी भर दुपारी बाराला टाकायचो. कारण शुद्ध सोयीचं होतं. सकाळचे पोहणारे गेलेले असत, संध्याकाळचे यायचे असत, आणि मला जेवून पडायचं असे. सांगलीचं एप्रिलचं ऊन त्या पाण्यातला क्लोरीन मी आडवा होईपर्यंत उडवून नेत असे. हे पुस्तकात होतं. पण पुस्तकातल्या ज्या गोष्टींवर परीक्षेत प्रश्न आला नव्हता, त्या मी वाचल्याच नव्हत्या.

आधी कोपऱ्यात मूग भिजवल्यासारखी छटा आली. मग भिंतींना हात लावला की मखमल लागायला लागली. आठवडाभरात सगळा तलाव मेथीच्या पातळ भाजीसारखा दिसू लागला. मी सभासदांना सांगत होतो, की वरच्या पिंपळाची सावली पाण्यात पडते आहे. चिटणीस ते ऐकून घेत होते. एके दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे पाय ओले करायला ते पायऱ्या उतरले, तिसऱ्या पायरीवर बसले आणि पाचवीवर उठले.

"अहो बी.एस्सी.," धोतर पिळत ते शांतपणे म्हणाले, "ही पिंपळाची सावली बुळबुळीत आहे."

तलाव बंद झाला. पुरुष सभासदांचं काही अडलं नाही. त्यांना नदी होती.

अडलं ते दुसऱ्याच कुणाचं, आणि ते मला त्याच दुपारी कळलं. दारात एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या, हातात छत्री आणि छत्रीच्या दांड्यासारखाच ताठ कणा. त्यांच्याकडे एक कागद होता आणि त्यावर चौदा बायकांच्या सह्या होत्या. दोन वर्षं मंडळाचे उंबरे झिजवून बाईंनी रोज दुपारी चार ते पाच हा वेळ बायकांसाठी मिळवला होता. सुरुवात अक्षय तृतीयेला, म्हणजे बारा दिवसांनी.

चिटणीसही तिथेच होते. ते म्हणाले, "बाई, मुद्दा असा की परवानगी आहे, पण पाणी नाही. म्हणजे पाणी आहे, पण तळ दिसत नाही. उद्या कुणी बुडालं तर दिसायला नको का? त्या दिवशी सकाळी खोल बाजूला आठ फुटांवर पांढरी वस्तू टाकून मी काठावरून बघणार. दिसली तर सुरू. नाही दिसली तर पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही," बाई म्हणाल्या. "कार्यकारिणीत निम्मे लोक विरोधात आहेत, तुम्हीच सांगितलंत. आणि या चौदाजणींनी घरी कसं कसं पटवलंय ते मला माहीत आहे. एकदा परतल्या की पुन्हा नाही निघायच्या."

मी तोडगा सुचवला. "हे पाणी सोडून देऊ आणि नवं भरू."

चिटणिसांनी माझ्याकडे बघितलं. "गेल्या वर्षी आटपाडीकडची माणसं खडी फोडून पाण्याच्या टँकरपुढे उभी होती. आणि आपण तलावभर पाणी गटारात सोडायचं? लोक मंडळाच्या दारात घागरी आणून फोडतील. आहे हेच पाणी साफ करा. रसायन शिकलात ना?"

ते गेल्यावर बाई थोडा वेळ काठावर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी वाईची. भाऊ घाटावरून उड्या मारायचे आणि मी त्यांचे कपडे धुवायची. कृष्णा मला आजवर गुडघ्याएवढीच भेटली आहे. बारा दिवसांत होईल?"

"बाई, आठ दिवसांत," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. माणूस अडाणी असला की मुदत नेहमी कमी सांगतो.

पहिला उपाय मला आईकडून येत होता. गढूळ हंड्यात आई तुरटीचा खडा दोनदा फिरवायची, की सकाळी पाणी नितळ. मी हिशेब केला: तलाव म्हणजे एक मोठा हंडा. अर्धं पोतं तुरटी कुटून टाकली. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, म्हणून उरलेलं अर्धं टाकलं. पाणी आता हिरव्या ताकासारखं दिसू लागलं आणि खाली काहीच बसेना. शिडीच्या लोखंडी कड्या मात्र तांबूस व्हायला लागल्या. तोंड धुतलं तर डोळे चुरचुरले. या तिन्ही गोष्टी मला ओरडून एकच गोष्ट सांगत होत्या. माझ्या कपाटात लिटमसची छोटी वहीसुद्धा होती. पण ती महागाची वस्तू, उगीच कशाला वापरा, म्हणून मी ती जपून ठेवली होती.

मग मला ती कल्पना सुचली. कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरातच ती सुचू शकते, दुसरीकडे कुणाची एवढी पोहोच नाही.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, पंचक्रोशीतले नावाजलेले गुळवे. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत चढतो तेव्हा तो कसा दिसतो हे ज्याने पाहिलंय, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. हिरवट, काळपट, घाण. तात्या त्यात रानभेंडीच्या ठेचलेल्या झाडाचा चिकट रस ओततात आणि बघता बघता सगळी मळी फेसासारखी वर येते. ती काढून टाकली की खाली सोन्यासारखा रस. लहानपणापासून मी हा चमत्कार पाहत आलो होतो. हिरवं, घाण द्रव इथेही होतं. फरक तो काय.

मी एस.टी.ने गावाला गेलो. गुऱ्हाळाचे शेवटचे दिवस होते. तात्या काहिलीवर होते, त्यांना काही विचारलं नाही. विचारलं तर बी.एस्सी. होऊन गुळव्याला विचारायला आला, असं झालं असतं. रानभेंडीची दोन पोती गपचूप भरून आणली. दिवसभर ठेचून, पिंपात भिजवून, चार पिंपं बुळबुळीत रस तलावात ओतला आणि मळी वर यायची वाट बघत काठावर खुर्ची टाकून बसलो. झारासुद्धा तयार ठेवला होता.

मळी आली नाही. सकाळी पाण्याला तार सुटत होती. पंप कण्हायला लागला. गाळणी उघडली तर वाळूची खीर झालेली. शेवाळाला मात्र ते मानवलं असावं. ते आता पायऱ्यांवरून दाढीसारखं लोंबत होतं.

तरी मी आशा सोडली नाही. चिटणिसांची परीक्षा आधी आपणच घेऊन बघू, म्हणून पांढरी वस्तू शोधली. होती ती एकच. शिडीजवळ, आठ फुटांच्या बाजूला मी माझी ताटली सोडली. हातभरसुद्धा गेली नसेल, दिसेनाशी झाली. मग माझ्या लक्षात आलं, की ती परत आणायची कशी याचा मी विचार केलेला नाही.

मी पाण्याकडे बघत तसाच उभा असताना मागून बाईंचा आवाज आला. "काय पडलं?"

"परीक्षण चाललंय," मी म्हणालो.

बाई खाली बसल्या, दोन बोटं पाण्यात बुडवली आणि एकमेकांवर घासली. मग वास घेतला. "यात काय टाकलंत?"

"एक देशी औषध आहे."

"भेंडी चिरताना माझी बोटं अशीच होतात."

यापुढे लपवण्यासारखं काही राहिलं नाही. मी सगळं सांगितलं. दुपारची पावडर, एक पोतं तुरटी, दोन पोती भेंडी, तळाची ताटली. पोहता येत नाही हेसुद्धा सांगून टाकलं, लहानपणच्या भोपळ्यासकट, ओघात. बाई हसतील किंवा रडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त चौदा सह्यांच्या कागदाची घडी आणखी लहान केली.

"तुमच्या चुलत्यांना विचारलं होतंत?"

"नाही."

"का?"

मी झारा उचलून खुर्चीमागे ठेवला.

"शाळेत अशी मुलं असतात," बाई उठत म्हणाल्या. "शेजाऱ्याच्या वहीतलं उत्तर उतरवतात आणि गणित कुठलं होतं ते बघत नाहीत. सहा दिवस आहेत. त्यांना घेऊन या."

तात्या आले. डोक्याला पटका, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी काकवी. तलावाला एक पूर्ण फेरी मारली. बाई एका बाजूला उभ्या होत्या. तात्यांनी मला जवळ बोलावलं.

"चुलवाण कुठं हाय?"

"कसलं चुलवाण?"

"जाळ रं. जाळ कुठं लावलास?"

मी रिकामी पिंपं दाखवली.

"भेंडी टाकलीस, मग जाळ नगं? रस उकळतो तवा भेंडी मळीला धरून वर येती. गार पाण्यात भेंडी टाकली तर काय हुईल?"

"तार सुटेल," मी म्हणालो.

"मग सुटली न्हवं. बराबर काम केलंय तिनं." ते बाईंकडे वळले. "आवं बाई, लय शिकीवलं ह्येला. आमच्यात कुणी एवढं शिकल्यालं न्हाई, म्हणून एवढी चूक बी कुणाला जमली न्हाई."

बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. हसू लपवायची ती त्यांची रीत होती, हे मला नंतर कळलं.

मग तात्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकले. "आंबलंय की रं ह्ये. आंबट रसाचा गूळ धरत न्हाई. आमी आदी चुन्याची निवळी घालतो, आंबटपणा मारतो, मग पुढचं."

मी खोलीत गेलो आणि लिटमसची वही घेऊन आलो. निळा कागद पाण्यात बुडवला. तो आम्हा तिघांच्या डोळ्यांदेखत लाल झाला.

"म्हंजी काय झालं?" तात्यांनी विचारलं.

"आंबट आहे."

तात्यांनी तो कागद उलटसुलट करून बघितला. "ह्यो कागूद माज्या जिभंवानीच हाय की. इतकं दिस ह्येला का इचारलं न्हाईस?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात तीन वर्षांचं कॉलेज एकदम उजेडात आलं. तुरटी स्वतः पाणी आंबट करते, आणि पाणी फार आंबट झालं की तिचे कापसासारखे गोळे धरत नाहीत. गोळे धरले नाहीत तर घाण खाली बसणार कशी? एक पोतं तुरटी तलावात तशीच विरघळून, चुन्याची वाट बघत बसली होती. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्याला मार्कसुद्धा मिळाले होते.

त्या दुपारी आम्ही विरलेला चुना पिंपात कालवला आणि थोडा थोडा करून तलावभर सोडला. दर फेरीला मी कागद बुडवायचो आणि तात्या जीभ लावायचे, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय पुढचं पिंप नाही. संध्याकाळी दिवस मावळला, पाण्यावरचं ऊन पूर्ण गेलं, तेव्हा ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, खाली बसू देऊन, वरचं पाणी चारी कडांनी ओतलं. नेहमीच्या दुप्पट, कारण शेवाळाबरोबर भेंडीही मारायची होती.

"आता?" मी विचारलं.

"आता गप बसायचं. रस हलवावा लागतो. पाण्याला बसू द्यावं लागतं. तुला जमंल का?"

एवढ्याने भिंती मात्र सुटल्या नसत्या. शेवाळ वरून मरतं, पण बुडखा धरून बसतं. ते खरवडायला माणसं हवी होती आणि सभासद नदीवर होते. हे मी बाईंना सांगितलं. बाईंनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून एकामागून एक बायका आत आल्या. पदर खोचलेले, हातात कळकाच्या काठ्या, काठ्यांच्या टोकाला काथ्या बांधलेला. त्यांत मिरजेच्या दवाखान्यातली एक नर्स होती, कोकणातली, चौदाजणींत पोहता येणारी ती एकटीच. बाकीच्या तेराजणींनी तलाव आज पहिल्यांदाच पाहिला होता. काठावर ओळीने उभ्या राहून त्यांनी भिंती घासायला सुरुवात केली.

"पोहायला म्हणून नाव दिलं आणि भांडी घासायलाच आले," एक म्हणाली.

"अगं, पण केवढं भांडं," दुसरी म्हणाली.

मी गाळणीची वाळू उलट्या पाण्याने धुवत होतो. सुटलेल्या शेवाळाच्या चिंध्या पाण्यात फिरत होत्या. दुपारपर्यंत पाणी पहिल्यापेक्षा घाण दिसू लागलं आणि माझा धीर सुटला. तात्या सावलीत तंबाखू मळत होते. म्हणाले, "मळी वर आल्याबिगर गूळ व्हतो व्हय?"

त्यानंतरच्या सकाळी मी काठावर गेलो तर पाण्यात ढग होते. पांढरट, हिरवट, नासलेल्या दुधासारखे, आणि ते खाली चालले होते, इतके सावकाश की बघताना कळू नये. मी पंप लावला नाही. कुणाला पाण्यात बोट घालू दिलं नाही. तात्या एस.टी. गाठायला निघाले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जमतंय तुला. नुसतं बसायचं काम हाय."

तिसऱ्या दिवशी तळाशी बसलेला गाळ लांब नळी फिरवून पंपाने बाहेर ओढला. आणि संध्याकाळी शिडीजवळ, खोल पाण्यात, मला साबुदाण्याच्या पापडाएवढं काहीतरी फिकट दिसलं. आहे की नाही, कळेना. मी पोटावर पालथा पडून बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी ते गोल झालं. अक्षय तृतीयेच्या सकाळी त्याला निळी कड आली.

चिटणीस आले. बरोबर पांढरी बशी आणली होती. बाई आधीच येऊन उभ्या होत्या, चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा.

"बशी टाकायची गरज नाही," मी म्हणालो. "एक वस्तू रोजच्या तपासणीसाठी मी कायमची तळाशी ठेवली आहे."

बाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

चिटणीस वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग सरळ होत म्हणाले, "तुमच्या तपासणीच्या वस्तूचा एका बाजूचा टवका उडालाय."

"उडालाय," मी म्हणालो.

"बाई, चार वाजता सुरू करा."

चार ते पाच पुरुषांना आत मज्जाव होता, आणि मी त्यांतच मोडत होतो. पंपाच्या खोलीत दार लावून बसायचो. भिंतीपलीकडून आधी नर्सचा आवाज यायचा, मग किंकाळ्या, मग पुष्कळ पाणी. आठवड्याभरात किंकाळ्या कमी झाल्या आणि हसू वाढलं. मी रोज दिवस मावळल्यावर पावडर टाकत होतो, रोज सकाळी कागद बुडवत होतो आणि दोन्ही वेळा ताटलीचा टवका मोजल्यासारखा बघत होतो. जेवण वर्तमानपत्रावर चाललं होतं. नवीन ताटली घ्यायची सोय नव्हती, कारण तपासणीची वस्तू मी मुद्दाम ठेवली होती.

जूनच्या तोंडावर, पावसाळ्यासाठी तलाव बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी, पलीकडे नेहमीचा गलका एकदम थांबला. इतका थांबला की मी उठून उभा राहिलो. दाराच्या कडीवर हात ठेवला आणि आठवलं, की उघडून तलावाकडे धावलो तरी मला काही करता येणार नाही. ती पंधरा-वीस सेकंदं मी आजही विसरलेलो नाही. मग सगळ्याजणी एकदम ओरडल्या, आणि ते ओरडणं भीतीचं नव्हतं.

पाचनंतर दारावर टकटक झाली. बाई उभ्या होत्या. केसांतून पाणी ठिबकत होतं आणि श्वास अजून जागेवर आला नव्हता. हातात माझी ताटली होती.

"शिडीला धरून धरून खाली गेले," त्या म्हणाल्या. "दोनदा वर आले. तिसऱ्यांदा मिळाली. खाली फार शांत असतं, तुम्हाला माहीत आहे? नसेल म्हणा."

मी ताटली घेतली.

"पुढच्या वर्षीच्या अर्जावर एकवीस नवी नावं आहेत. तुमचं घालता येत नाही, बायकांचा वेळ आहे. पण चिटणिसांशी बोलले आहे. तलाव उघडला की पहिल्या दिवशी सकाळी सहाला ते तुम्हाला शिकवतील. भोपळा ते आणणार आहेत. पाठीला नीट बांधतील असं म्हणाले."

त्या रात्री मी ताटलीत भाकरी वाढून घेतली, वर तात्यांची काकवी. ताटली तीनदा घासली होती, तरी पहिल्या घासाला ब्लीचिंगचा वास आला.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी चिटणिसांनी मला छातीएवढ्या पाण्यात उभं केलं. पाठीला भोपळा, दोन्ही हात कठड्याला, डोळे मिटलेले. "उघडा," ते म्हणाले. उघडले, तर नाकासमोर तलावाची भिंत होती, आणि कठड्याच्या खालच्या बाजूला, काठावरून कधीही दिसलं नसतं अशा जागी, बोटभर हिरवी रेघ.

"साहेब," मी म्हणालो, "जरा थांबा. काथ्या आणायला हवा."

"आधी पाय मारा," चिटणीस म्हणाले. "शेवाळ कुठे पळून जात नाही."

मी एक हात सोडला.